नदीकाठची सपाट वाट

दोहात चढ मिळत नाही. बाकी सगळं मिळतं. चिपळूणचं कोकम मिळतं, सांगलीची हळद मिळते, गणपतीत उकडीच्या मोदकांची पिठीसुद्धा मिळते. पण चढायचं म्हटलं तर एक जिना, नाहीतर गाड्यांच्या पार्किंगचा उतार. मागच्या उन्हाळ्यात मी आणि माझा नवरा दोहाच्या बिन महमूद भागातल्या आमच्या इमारतीचे सात मजले रोज पहाटे तीनदा चढत होतो. मग पाठीला सॅक लावून पार्किंगच्या उतारावर वर-खाली. पहिल्या आठवड्यात वॉचमनने विचारलं, मॅडम, लिफ्ट बंद आहे का? दुसऱ्या आठवड्यापासून त्याने विचारणं सोडलं आणि आम्हाला पाहिलं की नुसती मान हलवायचा, कीव आल्यासारखी. सुट्टीच्या दिवशी मॉलमध्ये दुकानं उघडायच्या आत जाऊन बंद शटरांपुढून फेऱ्या मारायचो.

हा सगळा खटाटोप फ्रान्समधल्या एका नदीच्या खोऱ्यातून पाच दिवस पायी जाण्यासाठी होता. आणि ते पाच दिवस कशासाठी होते, हे आधीच सांगते, कारण आम्ही काही हौशी गिर्यारोहक नव्हे. त्याच्या दीड वर्ष आधी नवऱ्याच्या छातीत दोन स्टेंट बसले. तो पंचावन्नचा, मी एक्कावन्नची, कतारमध्ये सोळा वर्षं. इंडस्ट्रियल एरियात त्याच्या कंपनीचं लोखंडी कामाचं मोठं वर्कशॉप आहे, तिथला तो सुपरवायझर. दुखणं झाल्यावर कंपनीने त्याला शहरातल्या ऑफिसात खुर्चीवर बसवलं. तिथे तो दिवसभर दुसऱ्यांनी केलेल्या कामाचे कागद तपासायचा आणि घरी येऊन गप्प बसायचा. मग वर्कशॉपची जागा रिकामी झाली, परत येतोस का, असं त्याला विचारलं गेलं. डॉक्टर म्हणाले, जाऊ दे, काही हरकत नाही. मी म्हणाले, हरकत आहे.

माझं म्हणणं सरळ होतं. पन्नास अंशांचा उन्हाळा, पत्र्याची शेड, आणि हा माणूस वेल्डर लोकांच्या आधी स्वतः शिडी चढणारा. त्यापेक्षा गाशा गुंडाळू, गावी जाऊ. त्यावर आमचं महिनाभर वाजलं. शेवटी तो म्हणाला, "हे बघ, फ्रान्समधी एक वाट हाय, धा-बारा वर्सं झाली, मनात हाय माझ्या. पाच दिस चालू. मी धडपणी पोचलो, तर वर्कशॉप. न्हाय पोचलो, तर तू म्हनशील तिकडं. खलास."

त्याच्या वर्कशॉपमध्ये पूर्वी एक फ्रेंच इंजिनिअर होता, त्याने त्या वाटेचे फोटो दाखवले होते. मी हो म्हणाले. मला वाटलं, हा दुसऱ्या दिवशीच दमेल आणि प्रश्न मिटेल. हे लिहायला बरं वाटत नाही, पण तसंच होतं.

माझं काम प्लॅनिंगचं. बांधकाम कंपनीत कुठलं काम कधी सुरू होणार आणि कधी संपणार, त्याचे तक्ते मी करते. त्यामुळे सहलीचा तक्ता माझ्याकडे आला, म्हणजे मी तो घेतला. पाच दिवस, पाच मुक्काम, कुठे पाणी, कुठे जेवण, गोळ्या कधी. नदीच्या खोऱ्यातली वाट म्हणजे नदीकाठाने, आणि नदीकाठाने म्हणजे सपाट, हे मी धरूनच चालले. चिपळूणला वाशिष्ठी नदीच्या काठाला वाढलेल्या बाईने हे धरायला नको होतं. नकाशावर निळी रेघ आणि तिच्या बाजूने तांबडी रेघ, दोन्ही कागदावर सपाट. बरोबर नेण्याचं सामान मात्र नीट होतं. सुरुवातीच्या दिवसाला दशम्या, शेंगदाण्याची चटणी, खजूर. कारण पहिला दिवस शुक्रवार होता. शुक्रवारी, म्हणजे कतारच्या सुट्टीच्या दिवशी, दुकानं उघडी मिळायची नाहीत, म्हणून ती शिदोरी मी दोहाहून बांधून नेली. मोठी खरेदी रविवारी ठेवली. आमच्याकडे रविवार कामाचा पहिला दिवस, सगळा बाजार उघडा. सोळा वर्षांत हे इतकं अंगात मुरलेलं की त्यात तपासण्यासारखं काही आहे असं वाटलंच नाही.

आणखी एक गोष्ट बरोबर होती. नवऱ्याच्या मनगटावरच्या घड्याळात हृदयाचे ठोके मोजले जातात. दुखण्यानंतर पुण्यात शिकणाऱ्या आमच्या मुलाने तो आकडा माझ्या मोबाइलवर दिसेल अशी सोय करून दिली होती. मीटिंगमध्ये, भाजी चिरताना, सिग्नलला उभी असताना मी तो बघायचे. बहात्तर. चौऱ्याऐंशी. एकदा एकशे दहा दिसला म्हणून त्याच्या ऑफिसात फोन केला, तर तो कुणाशी तरी पंच आणि लेग बिफोरवरून भांडत होता.

शुक्रवारी सकाळी पाचला आम्ही निघालो. ऊन चढायच्या आत पोचायचं, ही दोहाची सवय. दोघांच्या सॅकमध्ये मिळून पाण्याच्या सहा बाटल्या, त्यातल्या दोन गोठवलेल्या. बाहेर बारा अंश तापमान होतं आणि पाठीवर बर्फ. वाटेत झाडांच्या खोडांवर, दगडांवर पांढरा आणि तांबडा असे दोन आडवे पट्टे रंगवलेले होते. ते दिसत राहिले म्हणजे आपण बरोबर चाललोय. फुली दिसली तर चुकलोय. ही पद्धत मला फार आवडली. आपल्या ऑफिसात अशी असती तर निम्म्या मीटिंगा वाचल्या असत्या, असं मी म्हणालेसुद्धा.

तासाभरात ते पट्टे नदी सोडून सरळ डोंगरात शिरले. नदीच्या दोन्ही बाजूंना चुनखडीचे उभे कडे, पाण्यात उतरलेले. काठाने जायला जागाच नव्हती. वाट वर पठारावर जायची, तासभर वर चालवायची, आणि पुढच्या गावाला परत खाली नदीवर आणून सोडायची. रोज असं दोनदा.

"तुम्हाला माहीत होतं?" मी विचारलं.

नवरा झाडाच्या बुंध्यावरचे पट्टे निरखत उभा राहिला. "फोटोत दिसत हुतं थोडं," तो म्हणाला.

"आणि मला सांगितलं नाहीत."

"सांगितलं असतं तर आली असतीस व्हय?"

मला असा राग आला की पुढचा चढ मी न थांबता चढले. वर पोचून मोबाइल बघितला. त्याचे एकशे अठरा. माझे मोजायची सोय नव्हती.

पहिल्या गावात आम्ही सकाळी साडेदहाला पोचलो. ज्या घरात खोली घेतली होती त्याला कुलूप. दारावर कागद: संध्याकाळी पाचला उघडेल. समोरची बेकरी शुक्रवार असून सताड उघडी होती, आतून भाजल्या पावाचा वास येत होता, आणि आम्ही तिच्याच पायरीवर बसून दोहाहून आणलेल्या दशम्या खाल्ल्या. बेकरीवालीने दोनदा बाहेर येऊन आमच्याकडे पाहिलं. नवऱ्याची हसून हसून पुरेवाट झाली. तरी मला काही उमजलं नाही. शुक्रवारी उघडं आहे म्हणजे इथे सुट्टी दुसऱ्या कुठल्या तरी दिवशी असणार, हा साधा हिशेब मी केला नाही. बहुतेक जगात रविवारी सुट्टी असते हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. शाळेत होते तेव्हा रविवारचीच सुट्टी होती की. पण तक्ता करणारी मी दोहाची होते.

शनिवार बरा गेला. अक्रोडाची झाडं, कड्याच्या पोटाला चिकटलेली घरं, दगडांच्या उंच भिंती, पठारावर मेंढ्या. तो छान चालत होता. मी त्याच्या मागे राहायचे, म्हणजे पडला तर दिसेल. दर थांब्याला बघायचे: गोळी घेतली? छाती? हात जड? तो म्हणायचा, "हाय की मी जिता. पुढं चल जरा, नदी तरी बघू दे मला." आणि हे कबूल करते की दुपारच्या थांब्याला त्याच्या सॅकमधल्या दोन बाटल्या मी माझ्या सॅकमध्ये सरकवल्या. तो तेव्हा शूजमधला खडा काढत होता.

रविवारी तिसऱ्या गावात शिरताना साडेबारा वाजले होते. माझा तक्ता सांगत होता, इथे खरेदी. बेकरीवाला शटर ओढत होता. शेजारचं किराणा दुकान आधीच बंद.

"अगं, बंद करतोय तो," नवरा म्हणाला. "पळ, काय तरी घिऊ."

"दुपारची विश्रांती असेल," मी म्हणाले. "चारला उघडेल."

दोहात जुन्या बाजारातली दुकानं अशीच दुपारी बंद होतात आणि चारला उघडतात. घाम गाळत धावण्यात काय अर्थ होता? आम्ही नदीत पाय सोडून बसलो. चारला गेलो, पाचला गेलो, सहाला गेलो. सहाला एक म्हातारे गृहस्थ कुत्रा घेऊन चालले होते. त्यांना मी शटर दाखवून हाताने विचारलं. त्यांनी दारावरची पाटी दाखवली, आधी एक बोट वर केलं, मग दुसरं. रविवार दुपार. सोमवार पूर्ण. मग पुढच्या गावाच्या दिशेला हात करून तीच दोन बोटं परत दाखवली. तिथेही तेच.

मुक्कामाच्या घरात चूल होती, पण घरमालकीण किल्ली देऊन आपल्या बहिणीकडे गेली होती. सॅकमध्ये उपम्याचं एक पाकीट, एक दशमी, मूठभर शेंगदाणे, चार खजूर. उपमा केला, त्याला वाढला. "तुझा?" त्याने विचारलं. "करता करता खाल्ला मी," असं म्हणाले. लग्न झाल्यापासून स्वयंपाकघरात तो फारसा डोकावला नव्हता, त्यामुळे त्याला ते पटलं. सकाळी दशमी आणि खजूर त्याला दिले, गोळ्या रिकाम्या पोटी चालत नाहीत म्हणून. मला भूक नाही म्हणाले आणि कोरा चहा प्यायले.

सोमवारचा पहिला चढ सगळ्यांत वाईट होता. नदीवरून निघाला की वाकडा-तिकडा वरच. मी मागे. त्याचं पाऊल एका लयीत पडत होतं. मला मात्र पांढऱ्या-तांबड्या पट्ट्यांच्या कडा पुसट दिसायला लागल्या. आधी वाटलं रंग जुना असेल. मग कानात आवाज आला, हात गार पडले, आणि मी वाटेच्या कडेच्या दगडी भिंतीला धरून खाली बसले.

तो मागे वळला. मी त्याला इतक्या वेगाने उतरताना दुखण्यानंतर पहिल्यांदाच पाहिलं आणि त्याही स्थितीत मी म्हणाले, "हळू."

"गप," तो म्हणाला. लग्नाला सव्वीस वर्षं झाली, त्याने मला गप म्हटल्याचं आठवत नाही. त्याने माझी सॅक काढून घेतली आणि ती उचलताच थांबला. उघडली. पाण्याच्या पाच बाटल्या. सगळ्या भरलेल्या. त्याने त्या एकेक करून भिंतीवर मांडल्या. मग विचारलं, "काल खाल्लंस?"

मी मान हलवली. कशी हलवली कोण जाणे, त्याला खरं ते कळलं.

शेंगदाणे होते ते त्याने माझ्या हातात दिले, पाणी पाजलं. मोबाइलला रेंज नव्हती. त्याने आपल्या मनगटावरचं घड्याळ काढलं आणि माझ्या मनगटावर बांधलं. आकडा आला एकशे बत्तीस. "आता तू पेशंट," तो म्हणाला, पण हसला नाही. "वर पठारावर मेंढ्या हायत म्हंजे मानूस हाय. काय तरी घिऊन येतो. हितनं हलायचं न्हाय."

"एकटे नका जाऊ."

"मग कोन जातंय? तू?"

तो निघाला. सॅकशिवाय, स्वतःची एक बाटली हातात घेऊन. तिसऱ्या वळणावर त्याची टोपी दिसेनाशी झाली. त्याच्या पावलांचा आवाज आणखी थोडा वेळ आला, मग तोही नाही.

मी मोबाइल काढला. सवयीने. मग लक्षात आलं की आकडा माझ्या मनगटावर आहे आणि तो माझा आहे. एकशे चार. वर त्याचं काय चाललंय हे कळायचा कुठलाच मार्ग नव्हता. दीड वर्षात असं झालं नव्हतं. मी भिंतीला टेकून बसले आणि ऐकत राहिले, पडल्याचा, हाकेचा, कसलाही आवाज. खाली नदी वाहत होती. एक सरडा भिंतीवरच्या बाटल्यांच्या मधून गेला. मला भीती वाटत होती आणि मी ती नीट पाहिली, कारण दुसरं काही करायला नव्हतं. त्या आकड्याने त्याला कधी काही उपयोग झाला नव्हता. तो मला लागायचा. दुखणं त्याचं होतं आणि त्याचं औषध म्हणून मी तो आकडा घेत बसले होते. आणि हा दुसऱ्याच दिवशी दमेल अशी आशा धरून मी दोहाहून निघाले होते. त्या दगडावर बसून मला माझी लाज वाटली.

अर्धा तास झाला. तास झाला. मी उभी राहिले, पाय टिकले, दहा पावलं वर गेले आणि परत आले, कारण तो म्हणाला होता हलायचं नाही आणि मी चुकीच्या वाटेला लागले असते तर त्याला आणखी चढावं लागलं असतं. घड्याळात एकशे एकवीस. बसून एकशे एकवीस.

पावणेदोन तासांनी वरून टोपी दिसली. काखेत हातभर लांबीचा पाव, हातात फडक्याची पुरचुंडी. चेहरा लाल, शर्ट घामाने चिकटलेला, श्वास जोरात, पण एका लयीत. मी त्याच्या छातीकडे पाहिलं, ओठांच्या रंगाकडे पाहिलं, आणि विचारायला तोंड उघडलं ते मिटलं.

"म्हातारी हाय एक वर," तो माझ्याशेजारी बसत म्हणाला. "शेळ्यांचं चीज केलंय तिनं. मी हातानं खायची खूण केली, तर मला घरात घिऊन बसवायलीच. मी म्हटलं न्हाई, बायको खाली. हे कसं सांगायचं? तर असा डोक्याला हात लावून झोपल्यागत केलं. ती घाबरलीच, तिला वाटलं मेली. आनि निघताना मी तिला अरबीतच 'शुक्रन, शुक्रन' म्हनून आलो. मर्सी म्हनायचं, ते ऐनवेळी आठवतंय कुठलं!"

त्याने पाव मोडून माझ्या हातात दिला. चीज, दोन टोमॅटो. मी खायला लागले. तो बघत होता, मी गिळते का हे बघत होता, हे माझ्या लक्षात आलं. माझं मनगट ओढून त्याने घड्याळ पाहिलं. पंच्याण्णव. त्याने मनगट सोडलं नाही.

"चढताना छातीचं काय सुदिक आठवलं न्हाई बघ मला," तो म्हणाला. "नुसतं मनात, ही बसली असंल का पडली असंल. दर वळणाला." मग म्हणाला, "दीड वरीस तू अशीच हिंडतीस व्हय?"

मला रडू आलं. तोंडात पाव होता, त्यामुळे ते धड रडणंही झालं नाही. तो नदीकडे बघत बसला आणि मला रडू दिलं. मग भिंतीवरच्या बाटल्यांपैकी तीन त्याने स्वतःच्या सॅकमध्ये भरल्या, एक माझ्या, आणि एक आम्ही दोघांनी तिथेच संपवली.

"यल्ला, चल," तो म्हणाला.

तो चढ तो त्या दिवशी दुसऱ्यांदा चढला. मी पुढे होते आणि तो मागे.

मंगळवारी आम्ही पाचव्या गावी पोचलो. पाचला निघालो नाही, आठला निघालो, बेकरी उघडल्यावर. शेवटचा पांढरा-तांबडा पट्टा पुलाच्या कठड्यावर होता. तिथे फोटो काढायला कुणी नव्हतं म्हणून फक्त पट्ट्याचा काढला. वर्कशॉपचा विषय त्याने काढला नाही. मीच काढला. म्हणाले, "पंखे नवे लावून घ्या शेडमध्ये. आणि शिडीवर पोरांना चढू द्या." तो बरं म्हणाला. शिडीचं तो ऐकणार नाही हे आम्हा दोघांनाही माहीत होतं.

परत आल्यावर पहिल्या रविवारी पहाटे तो इंडस्ट्रियल एरियात निघाला. शूज घातले, डबा घेतला, लिफ्टने खाली गेला. मग मला बेसिनजवळच्या फळीवर घड्याळ दिसलं. विसरला की ठेवून गेला, मी विचारलं नाही, अजूनही नाही. ते हातात घेऊन मी दारापर्यंत गेले. लिफ्ट खाली पोचली होती. जिना होता, सात मजले, मला आता सवय होती. मी परत आत आले आणि घड्याळ फळीवर ठेवलं.

दिवसभर घरूनच काम होतं. अकराला एकदा, साडेअकराला एकदा मी मोबाइल उचलला आणि खाली ठेवला. दीडला त्याचा फोन आला. मागे ग्राइंडरचा आवाज, कुणीतरी हिंदीत ओरडत होतं.

"काय झालं?"

"काय न्हाई. जेवलीस का?"

"जेवले," मी म्हणाले.

ग्राइंडर थांबला. "खरं सांग," तो म्हणाला.

मी फोन तसाच कानाला धरून उठले आणि ताट घेतलं.